आक्का, आज पल्लवीचं लग्न झालं नाही

प्रिय आक्का,

तुला पत्र लिहितोय याचं तुला हसू येईल. सत्तावीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज अचानक याला काय झालं? सांगतो.

आज माझ्या पल्लवीचं लग्न होतं. म्हणजे व्हायचं होतं. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त होता. कंपनीत मी लग्न ठरल्या ठरल्याच सुपरवायझरला सांगून सुट्टी मागून ठेवली होती. लग्न मोडलं, पण सुट्टी मोडली नाही मी! सकाळपासून घरात आहे. बारा पस्तीस झाले, एक वाजला. मांडव नाही, वाजंत्री नाही, दारात कुत्रं झोपलंय. आणि मला इतकं हलकं वाटतंय, आक्का, की हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तू सोडून दुसरं कोण आहे मला हे सांगायला?

तू पल्लवीला पाहिलं नाहीस. माझी एकुलती लेक. सोळा पूर्ण झाली, अकरावीला आहे, गंगापूरला जाते कॉलेजात. नाक तुझं घेतलंय तिनं. आणि रागही तुझाच. तू मेंढरांमागं चालताना बाशी भांडलीस की दोन-दोन कोस बोलायची नाहीस, तसंच हिचं. मेंढरं आता नाहीत गं. बा गेल्यावर मी शेवटची विकली आणि वाळूजला कंपनीत लागलो, ठेकेदाराकडं. माय आहे. डोळ्यांनी कमी दिसतं तिला, पण कान शाबूत आहेत.

तुला आठवतं का, आपल्या आळीतून पलीकडं बौद्धवाड्यात जायची आपल्याला बंदी होती? आता तिथं मोठं विहार झालंय, पक्क्या फरशीचं. तिथं दर शनिवारी गावातल्या पोरी जमतात. सुरू केलं प्रज्ञानं. तिची आई गावची आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन बाळंतिणींची, लेकरांची खबर ठेवणारी. प्रज्ञा सतरा वर्षांची. बोलायला लागली की समोरचा गप्पच होतो. तिनं शाळा-कॉलेजातल्या सोळा पोरी गोळा केल्या. बौद्धांच्या, आपल्या धनगरांच्या, मराठ्यांच्या, एक मुसलमानाचीही. गावातली पोरं त्यांना ‘लेडीज पंचायत’ म्हणून चिडवायची. पल्लवी विहारात जाते म्हटल्यावर आपल्या आळीत कुजबुज झाली. मी काही बोललो नाही. मनातून म्हटलं, चार दिवस जाईल, कंटाळेल.

कंटाळते कसली!

त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, सांग. उपकेंद्राच्या सिस्टरला गळ घालून विहारात बोलावलं आणि सगळ्यांनी बोटाला टोचून रक्त तपासून घेतलं. मग पुठ्ठ्यावर ठिपके काढले. नावं नाहीत, नुसते ठिपके. रक्त चांगलं असेल तर हिरवा, थोडं कमी असेल तर पिवळा, फारच कमी असेल तर लाल. तो पुठ्ठा बघायला गेलेली त्यांची एकेक आई गप्प होऊन परत आली. लाल ठिपके सगळ्यांत जास्त होते. त्यातला एक माझ्या पोरीचा. बारा पाहिजे, तिथं सात पॉइंट सहा.

मला घरी येऊन सांगितलं तिनं. मी म्हटलं, “भाकरी खात जा नीट.” एवढंच! बाप म्हणून एवढंच सुचलं मला, आक्का.

मग आली पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. झेंडा झाला, आम्ही बाप्ये शाळेच्या पटांगणात बसलो होतो. नेहमीसारखं पाणी, रस्ता, दिवाबत्ती चाललं होतं. तेवढ्यात मागून पोरी उठल्या आणि पुढं आली कोण? माझी पल्लवी. हातात तो पुठ्ठा. म्हणाली, “आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी आहे. सिस्टर येतात तेव्हा आम्ही कॉलेजात असतो, त्यांनी शनिवारी दुपारी यावं. शाळेत गोळ्या मिळतात, पण उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं म्हणून पोरी फेकून देतात. जेवणानंतर द्या. आणि मुलींच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही. म्हणून पाळीच्या दिवसांत पोरी शाळेत येत नाहीत.”

पाळी! भर सभेत, आक्का! सरपंचासमोर, माझ्यासमोर! मी जमिनीकडं बघत बसलो. शेजारी बसलेल्यानं मला कोपर मारलं, “नामदेवराव, पोरगी लई तयार झाली व्हय तुमची!” आजूबाजूचे हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. आठवडाभरात संडासाला कडी लागली, पाण्याची टाकी बसली, सिस्टर शनिवारी यायला लागल्या. गावात वीस वर्षांत न झालेलं काम पोरींनी केलं होतं. पण मला ते दिसलंच नाही. कानात ते हसणंच राहिलं.

दिवाळीत सुमनचा भाऊ, भाऊसाहेब, स्थळ घेऊन आला. सुमन म्हणजे तुझी भावजय. मुलगा चितेगावला कंपनीत, घरची शेती, देणंघेणं काही नको. “हे असं स्थळ पुन्हा येत नसतं, दाजी,” म्हणाला. मी सुमनकडं बघितलं. ती चुलीकडं बघत होती. मी हो म्हणून टाकलं. मार्गशीर्षात सुपारी फुटली. पल्लवीला साडी नेसवली, ती बसली, उठली. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटलं, ऐकलं पोरीनं.

मी किती सहज विसरलो होतो, आक्का! तूही तुझ्या सुपारीला अशीच गप्प बसली होतीस ना? पंधरावं लागलं होतं तुला. सातवीतून काढलं होतं. पाहुणे गेल्यावर मला म्हणालीस, “नाम्या, मह्या वह्या तू घे, अर्ध्या कोऱ्या हायेत.” मी खूश झालो होतो. कोऱ्या वह्या मिळाल्या म्हणून!

सुपारीनंतरच्या रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. अंगणात चपलांचा आवाज झाला. बघतो तर सात पोरी, पुढं प्रज्ञा. ओट्यावर बसल्या. सुमननं चहाचं विचारलं.

“चहा नको काकू, बोलायचं हाय,” प्रज्ञा म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “काका, पल्लवीचं लग्न ठरवलंत व्हय?”

“ठरलं. तुमाला कोणी सांगितलं?”

“पल्लवीनंच. तिला करायचं नाय.”

माझा पारा चढला. “हे आमच्या घरातलं हाय. तुमी कोण इचारणाऱ्या?”

“घरातलं हाय म्हणून तर घरात आलो, काका. सरकारचा नंबर फिरवला असता तर सायब लोक आले असते. अठराच्या आत लग्न म्हणजे गुन्हा, हे आमाला ठावं हाय आन् तुमाला बी ठावं हाय. आमी फोन करणारच व्हतो. पण पल्लवी म्हणली, आधी पप्पांशी बोलू. मव्हा त्यांच्यावर भरवसा हाय, असं बी म्हणली.”

आक्का, तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भरवसा म्हणाली. मी अर्ध्या गालाला साबण लावून तसाच उभा.

प्रज्ञानं वही उघडली. “तुमी कामून घाई करायलात, त्याची कारणं सांगा. मी लिहून घेते. जमेल ते आमी मार्गी लावतो.”

बघ तरी! सतरा वर्षांची पोरगी मला कारणं विचारतेय! मी रागारागात सांगायला लागलो. कॉलेजला जायला सहाच्या जागी चौदा माणसं कोंबलेली काळीपिवळी जीप, त्यात टवाळ पोरं खेटून बसतात, उद्या काही झालं म्हणजे? तिनं लिहून घेतलं. “हे बरोबर हाय काका, आमाला समद्यांनाच तरास हाय. एसटीचं बघतो. अजून?”

“लोकं काय बोलत्यात, ठावं हाय का?”

“त्याचं औषध आमच्याकडं नाय,” प्रज्ञा म्हणाली, आणि पोरी हसल्या. सुमनही हसली. मलाच हसू आलं नाही.

तिसरं कारण मला सांगता येईना. भीती वाटते, हेच खरं होतं. पोरगी मोठी झाली की बापाच्या छातीत धडधड सुरू होते, आणि ती थांबवायचा एकच रस्ता आपल्याला शिकवलेला असतो.

तेवढ्यात पल्लवी दारात आली. इतका वेळ आत होती. मला म्हणाली, “पप्पा, आत्या कशानं गेली?”

तुझा फोटो आहे ना घरात, जत्रेत काढलेला, रिबिनी बांधलेला. त्याकडं बघून तिनं लहानपणीही विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, आजारानं. आताही तेच म्हणालो. “आजारानं.”

“कुठल्या?”

आणि ओट्याच्या कोपऱ्यात गोधडीवर बसलेली माय बोलली. सत्तावीस वर्षांत जिनं तुझं नाव घेतलं नव्हतं, ती माय!

“कौशीचं रक्त कमी व्हतं,” माय म्हणाली. “सोळाव्या वर्षी बाळंत व्हायला बसली. अंगात रक्तच नव्हतं. दवाखान्याच्या वाटंवर गेली. लेकरू बी गेलं.”

प्रज्ञानं वही मिटली. पल्लवी मायजवळ जाऊन बसली. आणि मी, आक्का, जे आजवर कुणाला बोललो नव्हतो, ते त्या पोरींसमोर बोललो. बायकोसमोर, मायसमोर.

तुझं ते पत्र. नदीपल्याडच्या तुझ्या सासरहून आलं होतं. मी बारा वर्षांचा. बाला वाचता येत नव्हतं, मायला तर नाहीच. मी मोठ्यानं वाचायला लागलो. तू लिहिलं होतंस, “नाम्या, बाला सांग, मला पंधरा दिवस तरी माहेरी न्या. पाण्याचा हंडा उचलला की डोळ्यापुढं अंधार येतो. चुलीपुढून उठवत नाही.” मी एवढं वाचलं आणि बा म्हणाला, “ऱ्हाऊ दे. सासरचं काम कुणाला गोड लागतं? मायला सांगू नको, उगं रडत बसंल.” माय तेव्हा पाणी घेऊन आत येत होती. तिनं विचारलं, “काय लिव्हलं कौशीनं?” आणि मी म्हणालो, “बरी हाय म्हणती.”

बरी हाय म्हणती! माझ्याच तोंडचे शब्द. पुढं तीन महिन्यांनी तू गेलीस.

तुझ्यावरही माझा राग आहे गं थोडा. चिडू नकोस. एवढं सगळं लिहिलंस, आणि शेवटी ‘बाकी सर्व क्षेम’ कशाला लिहिलंस? शाळेत शिकवलं होतं म्हणून? नंतर मी ते बाला वाचून दाखवलं, आणि त्यानं तेवढंच धरून ठेवलं. “क्षेम हाय म्हणती ना स्वतःच?” असं तो पुढं कितीदा म्हणाला! मरेपर्यंत म्हणत राहिला. त्यालाही झोप लागत नव्हती, हे आता कळतं मला.

मी बोलायचा थांबलो तेव्हा मला वाटलं, माय आता मला शाप देईल. ती चाचपडत माझ्यापर्यंत आली, साबण वाळलेल्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, “मला ठावं व्हतं, बाबा. मी दारात व्हते. तू वाचता वाचता थांबलास, तव्हाच समजले. तू लेकरू व्हतास. म्या बाई माणसानं इचारायला पायजे व्हतं. म्या बी इचारलं नाय.”

सत्तावीस वर्षं आम्ही दोघं एका घरात राहिलो, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत! असं असतं का कुठं?

मी तोंड धुतलं. बाहेर येऊन पल्लवीला म्हणालो, “नाय करायचं लग्न.” ती माझ्याकडं बघत राहिली, खरं आहे का ते ताडत. प्रज्ञा मात्र म्हणाली, “काका, तिकडं जाऊन सांगता का? नुसतं फोनवर नको. नायतर पुन्हा कोणी तरी गळ घालंल.” हुशार आहे बघ पोरगी! मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

मी आणि सुमन गाडीवर चितेगावला गेलो. वाळूज ओलांडलं, शहर आलं, म्हणजे आपलं औरंगाबाद, आता संभाजीनगर म्हणतात, आणि मग पैठण रोड. सुमन इतकी वर्षं माझ्यामागं गाडीवर बसते, कधी बोलत नाही. त्या दिवशी मागून म्हणाली, “मला बी कुणी इचारलं नव्हतं.” मी गाडी हळू केली. “मंग आता इचारू का?” म्हणालो. तिनं पाठीत गुद्दा मारला. “आता गाडी चालवा गप!”

मुलाच्या वडिलांनी आधी पाणी दिलं. मी सगळं एका दमात बोललो. त्यांचा चेहरा उतरला. “पोरीच्या रक्तात दोष हाय का काही? आधी सांगायचं होतं,” म्हणाले.

मला शब्द कुठून सुचले कोण जाणे. “दोष नाय, पाव्हणं. रक्त कमी हाय, ते गोळ्यांनी भरंल. वय कमी हाय, ते दिवसांनी भरंल. मी भरू देणार हाय. तुमच्यानं थांबवत असंल आन् तिच्या मनात आलं, तर पुढचं पुढं बघू.”

ते थांबणार नव्हते. त्यांनी हात जोडले, आम्हीही जोडले. भाऊसाहेब मात्र भडकला. “माझं नाक कापलं दाजींनी,” म्हणून पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटला. दोन महिने बहिणीशी बोलला नाही. आळीतल्या लोकांनीही मजा घेतली. पोरगी बापाला नाचवती, म्हणाले. पहिल्या दिवशी लागलं. चौथ्या दिवशी मला झोप लागली, आक्का. गाढ. दुसऱ्या दिवशी शिफ्टची बस चुकली इतकी!

पोरींनी दिलेला शब्द पाळला बरं का. एसटीसाठी गावभर फिरून आयाबापांच्या सह्या घेतल्या, अंगठे घेतले, आणि अर्ज घेऊन डेपोत गेल्या. पहिल्यांदा बसवून ठेवलं, दुसऱ्यांदा पुढच्या आठवड्यात या म्हणाले. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा बरोबर पाच आया होत्या, आणि त्यात सुमन! आता सकाळी पावणेसातला गाडी येते. पुढच्या बाकांवर पोरी बसतात. तो रिवाजच पडला आहे, कुणी सांगायला लागत नाही.

आणि परवा भाऊसाहेबचा फोन आला. मला वाटलं भांडायला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “दाजी, ते रक्त बोटाला टोचून बघत्यात, ते कुठं असतं? आमच्या शीतलला चक्कर येऊ लागली.” शीतल त्याची पोरगी, चौदा वर्षांची. मी फोन पल्लवीकडं दिला. अर्धा तास मामाला समजावत होती. आणि मामा हूं हूं करत ऐकत होता!

आज शनिवार. पल्लवी मघाशी विहारातून आली. दारातूनच ओरडली, “आजी, अकरा पॉइंट चार!” मायला आकडा कळला नाही, पण आवाज कळला. “म्हंजी चांगलं का?” तिनं विचारलं. “अजून हिरवा नाय, पिवळा हाय. पण लाल गेला,” पल्लवी म्हणाली. मायनं तिचा हात हातात घेतला आणि नखं डोळ्यांजवळ नेऊन निरखली. मग सुमननं गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि आम्ही चौघं जेवलो. लग्नाच्या दिवशीचं जेवण! साधं, पण इतकं गोड मला कधी लागलं नाही.

तू असतीस तर आज चांगली त्रेचाळीसची असतीस. पल्लवीला रागावली असतीस, केस विंचर म्हणाली असतीस. तुला वाचवता आलं असतं, हे मला माहीत आहे. हे जाणार नाही, आणि जाऊही नये. पण त्याच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलंय. माझ्या हातून तीच चूक दुसऱ्यांदा व्हायची होती, आणि ती झाली नाही. मी नाही थांबवली, पोरींनी थांबवली. पण थांबली!

आता एक सांगायचं राहिलं. एक मेच्या ग्रामसभेत पोरी ठराव मांडणार आहेत, गावात अठराच्या आत कुठल्याही पोरीचं लग्न लागणार नाही म्हणून. त्यांना बोलायचंय, पण त्यांची अट आहे की सूचक एक बाप पाहिजे. प्रज्ञानं कागदावर माझं नाव लिहूनच टाकलंय, विचारलंसुद्धा नाही! मी आजवर सभेत कधी तोंड उघडलेलं नाही. समोर आपल्या आळीतले सगळे असतील, ते कोपर मारणारेही असतील.

तरी मी उभा राहणार, आक्का. तुझं नाव घेऊन सांगणार, कौसल्या माझी बहीण, वयाच्या सोळाव्या वर्षी गेली, तिनं मदत मागितली होती आणि आम्ही ती दिली नाही. आजारानं गेली असं पुन्हा म्हणणार नाही. आणि पल्लवी जेव्हा स्वतः येऊन लग्नाचं बोलेल, तेव्हाच या घरात लग्नाचा विषय निघेल. नाही बोलली तर नाही निघणार. हा माझा तुला शब्द.

तुझा धाकटा भाऊ,
नाम्या